बसून खाणाऱ्याचं ताट

पाण्याचा जार माझ्या नवऱ्याच्या हातून निसटला, तो दिवस मला नीट आठवतो. नवी मुंबईतल्या उलव्यात मुलाच्या फ्लॅटवर राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. पाणीवाला प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार दाराशी ठेवून जायचा, ते आत आणून स्टँडवर चढवायचं काम मुलगा करायचा. त्या दिवशी मुलगा-सून कामावर गेली होती. हे उठले. जार छातीपर्यंत आणला आणि तिथून पुढे तो वर जाईना. मी धावेपर्यंत जार खाली पडला होता आणि सगळ्या हॉलभर पाणी.

मी फडका घेऊन बसले. हे सोफ्यावर बसून नुसते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

या माणसाने वाशीच्या मार्केटात उभं आयुष्य कांद्या-बटाट्याच्या गोणी उचलल्या होत्या. साताऱ्याकडून आला तेव्हा ओठांवर मिसरूडही धड नव्हती. आमचं लग्न झालं त्या वर्षी यांचे खांदे असे होते की तयार शर्ट कधी बसायचाच नाही, शिवूनच घ्यावा लागायचा. आणि आता तेच शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबत होते. मे महिन्यातसुद्धा हे घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "एसी लागतो." एसी मुलाच्या खोलीत होता.

मला वाटलं, काहीतरी मोठा आजार आहे. रक्त तपासलं, शुगर तपासली, सगळं बरं निघालं. जवळच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "काका, काल दिवसभरात काय खाल्लंत?"

हे म्हणाले, "सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी चपाती-भाजी. रात्री जरा भात."

"चपात्या किती?"

"एकच."

"डाळ? अंडं? दूध?"

यांनी माझ्याकडे बघितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला आजार नाही. तुम्ही उपाशी आहात. वय झालं की स्नायू आपोआप कमी होतात, आणि त्यांना खायला घातलं नाही, कामाला लावलं नाही, तर भराभर जातात. तुम्हाला नीट जेवायचंय आणि थोडं वजन उचलायचंय."

"जन्मभर तेच केलं की बाई. अजून किती उचलायचं?"

"तेव्हा फार झालं, आता अजिबात नाही. मधलं काहीतरी बघू."

आम्ही चालतच घरी निघालो. आमच्या रस्त्याला अजून झाडं मोठी झालेली नाहीत, त्यामुळे एका अर्धवट इमारतीच्या सावलीत आम्ही जरा थांबलो. तिथे हे एकदम म्हणाले, "बसून खायची लाज वाटती गं. मार्केटात चार भाकऱ्या खायचो तर चार भाकऱ्यांचं काम करायचो. आता कशाच्या जोरावर मागू? पोराचं खातोय असं वाटतं."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. मला वाटायचं, भूक मंदावली असेल. मी वाढायला गेले की हे ताटावर आडवा हात धरायचे आणि मी भांडं मागे घ्यायचे. मी यांच्या हातातली रिपोर्टांची पिशवी घेतली आणि म्हटलं, "मग उद्यापासून कामाला जायचं. सकाळी सात वाजता. खाली."

खाली म्हणजे आमच्या सोसायटीची व्यायामशाळा. तिथे शिकवायला येणारी बाई इथलीच, जुन्या गावातली, दोन मुलांची आई. पहिल्या दिवशी हे आत गेले आणि मांडणीवरचं सगळ्यात मोठं डंबेल उचलायला वाकले. ती तिकडूनच ओरडली, "काका, ठेवा ते! इथं हमाली नाय करायची. पयले बसा."

तिने यांना खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. मग परत बसायचं, परत उठायचं. संपूर्ण तासात तेवढंच, आणि शेवटी एक रबराचा पट्टा ताणायचा.

हे तणतणत घरी आले. "खुर्चीवरनं उठायला शिकवती मला! मला!"

दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखत होत्या की संडासात जाताना भिंत धरावी लागली. मी तोंड फिरवून हसले. पण तिसऱ्या दिवशी हे माझ्या आधी उठून बूट घालून बसले होते.

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. सुनेला सांगितलं, तू डब्याचं बघ, यांचं मी बघते. सकाळी दोन उकडलेली अंडी. दुपारी मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, सोबत भाकरी आणि वाटीभर दही. बुधवारी-रविवारी उरणहून मासेवाली येते, तिच्याकडून बांगडे. पहिल्यांदा हे अंडी बाजूला सारायचे. मी म्हणायचे, "कामावरून आलाय ना? मग खा." मग खायचे.

एकदा दुपारी आम्ही दोघेच जेवायला बसलो होतो. यांचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं. "तू काय घेतलंस?"

सकाळची अर्धी चपाती आणि भाजीचा रस्सा. उसळ यांच्यापुरतीच उरली होती. बायकांच्या ताटात असंच असतं, त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. यांनी माझं ताट ओढून घेतलं, आपल्या वाटीतली निम्मी उसळ त्यात ओतली, दही ओतलं, आणि ताट परत सरकवलं. "मला डॉक्टरकडं नेलंस. तुला कोण नेणार? उद्यापासून तूबी खाली यायचं."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं दिसतंय? आत यायला बूट लागतात, ते त्यांच्याकडं कुठं हायत?"

सुनेने बूट आणून दिले, गुलाबी पट्टीचे. जुना पंजाबी ड्रेस घालून मी गेले. आत गेल्यावर भिंतभर आरसा. आमच्या कोपरखैरण्याच्या जुन्या खोलीत कुंकू लावण्यापुरता आरसा होता, इथे फ्लॅटमध्ये बेसिनवरचा. पायापासून डोक्यापर्यंत मी स्वतःला कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं. पाठीला बाक आला होता. दंडाची कातडी लोंबत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शिकवणारी म्हणाली, "काकी, आरशाकडं नका बघू आता. माज्याकडं बघा. नंतर बघायला येलच येल हाय."

तिने माझ्या हातात छोटी डंबेल दिली आणि खांद्यावरून वर न्यायला सांगितली. हात मध्येच अडकले. तेव्हा हे आपला व्यायाम सोडून माझ्यामागे आले आणि माझ्या दोन्ही कोपरांखाली तळवे धरून उभे राहिले. टेकवले नाहीत, नुसते खाली धरले, मी दमलेच तर असावेत म्हणून. मला मागे यांचा श्वास ऐकू येत होता. वजन वर गेलं.

हळूहळू फरक पडत गेला. कुठल्या दिवशी पडला ते सांगता येणार नाही. गुडघे अजून कुरकुरतात, यांचे केस पांढरे ते पांढरेच, माझ्या गळ्याच्या सुरकुत्या कुठे गेल्या नाहीत. पण यांच्या गालांत रक्त दिसायला लागलं, शर्टाचे खांदे पुन्हा भरले. मी जमिनीवर भाजी निवडून झाली की हात न टेकता उठायला लागले. झोप शांत लागायला लागली. सोसायटीतल्या आणखी दोन बायका माझ्यामागून खाली यायला लागल्या.

मागच्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला आम्ही गावी गेलो. हे अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून मांडवात फिरत होते. यांच्याबरोबर मार्केटात असलेला जुना सोबती भेटला, त्याने यांचा दंड दाबून बघितला आणि म्हणाला, "लेका, परत कामावर घेतलं काय तुला?"

"व्हय," हे म्हणाले. "बायकोनं घेतलं."

बायकांच्या घोळक्यात माझ्या जावेने मला बाजूला ओढलं. "कुठलं क्रीम लावतीस ते सांग की. लपवून ठेवू नगंस."

"मटकी," मी म्हटलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

लग्नातले फोटो पुतण्याने नंतर मोबाईलवर पाठवले. हे खिडकीशी बसून एकच फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत होते. आम्ही दोघे मांडवाच्या दाराशी उभे होतो, तो फोटो. मला वाटलं, स्वतःचे खांदे बघत असतील. मी चिडवायला गेले, "पुरे आता. नजर लागेल स्वतःचीच."

यांनी मान वर न करता म्हटलं, "तू किती छान दिसतीयस यात."

संसाराच्या एवढ्या वर्षांत हे वाक्य यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "चष्मा पुसा आधी."

यांनी खरंच चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. पुन्हा एकदा नीट बघितलं आणि तेच म्हणाले.