गव्हाणच्या आभाळाची मोजणी

आमच्या पनवेलच्या घरात टीव्हीच्या वर एक खिळा रिकामा होता, आणि त्यावरून वर्षभर धुसफूस चालली होती. सासूबाईंनी लोकरीचा हिरवागार पोपट विणून तयार ठेवलेला. मला मात्र तिथे मी टिपलेली वीज हवी होती. माझे आजवरचे विजेचे फोटो म्हणजे निव्वळ काळोख. वीज चमकून जाते, मग माझं बोट हलतं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "या रविवारपर्यंत थांबते. नंतर पोपट."

परतीच्या पावसाचे दिवस होते. सकाळी कडक ऊन, दुपारी घाटाकडून ढग, संध्याकाळी गडगडाट. विजा टिपायच्या तर याच दिवसांत निघा. रविवारी मी आणि नवरा, नितीन, स्कूटरवर निघालो. नितीन विजेला घाबरतो, पण पोपटाला त्याहून जास्त.

आधी आपटा गाठलं. पाताळगंगेच्या पाण्यात ढगांची प्रतिबिंबं झकास मिळतात आणि नाक्यावर वडापाव गरम मिळतो. वीज मात्र एकही मिळाली नाही. ढग आमच्या डोक्यावरून सरळ खाडीकडे निघून गेले.

"चल, त्यांच्या मागे," मी म्हटलं.

"संकट आपणहून जातंय, तर पाठलाग कशाला करायचा?" असं म्हणत नितीनने स्कूटर वळवली.

उलव्यातून जाणार असाल तर डंपरच्या मागे राहू नका. माझी लेन्स दोनदा पुसावी लागली. गव्हाणच्या बाहेर मोकळी जागा बघून मी ट्रायपॉड उभा केला, तोच पदर खोचून एक मावशी आल्या. त्यांच्यामागे दोन पुरुष.

"तुमाला कोनी पाठवलाय? कुनाच्या जागेची मोजनी हाय ही?"

इकडे तीन पायांचं काही उभं राहिलं की मागोमाग जमीन जाते, हे या गावांनी बघितलंय. त्यांचा राग मला पटला. मी घाईघाईने म्हटलं, "जागेचं काही नाही मावशी. आभाळाचा फोटो काढतेय."

मावशींनी वर बघितलं. "आता आभाल पन घेतान काय?"

दोघे पुरुष हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो आमचा घरभेदी नितीन.

तेवढ्यात गडगडलं. मावशींचा सूरच बदलला. "विजा चमकतान आन मोकल्यावर उभी रातेस? अक्कल हाय का नाय? चल घरान!" आणि जो ट्रायपॉड उपटायला आल्या होत्या, तोच खांद्यावर टाकून पुढे चालू लागल्या.

त्यांच्या पडवीतून समोर अंगण, पलीकडे खाडी आणि वर शाईसारखं आभाळ. माझ्यासारख्या मंद बोटाच्या मंडळींना सांगते, विजेच्या मागे धावू नका. शटर दहा सेकंद उघडं ठेवा आणि तिची वाट बघा. मी तेच करत होते, तेवढ्यात मावशी ओरडल्या, "माजी सुकट!" आणि वाळत घातलेली सुकी कोळंबी गोळा करायला सूप घेऊन थेट अंगणात, माझ्या फ्रेमच्या मधोमध धावल्या.

"मावशी, बाजूला व्हा!" मी किंचाळले. त्याच क्षणी आभाळ वरपासून खालपर्यंत फाटलं.

मला रडू यायचं बाकी होतं. स्क्रीनवर बघितलं तर वीज पूर्ण, शेंड्यापासून खाडीपर्यंत. आणि तिच्यापुढे डोक्यावर सूप धरलेल्या, एक पाय हवेत असलेल्या मावशींची काळी आकृती.

"मी कवरी जाडी दिसतंय!" मावशी म्हणाल्या. मग चहा पाजला आणि निघताना सुकटीची पुडीही दिली.

घरी नितीन म्हणाला, "बाई कापून टाक ना." मला ते जमेना. त्या बाईने मला घरात घेतलं होतं, आणि मला तो फोटो तिच्यासकटच आवडला होता. पण ठरलेली होती ती वीज, सुकट नव्हे. मी प्रिंट सासूबाईंसमोर ठेवली.

सासूबाई मूळच्या उरणच्या, अंगणात सुकट वाळवत वाढलेल्या. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. मग बोट विजेवर नव्हे, सुपावर ठेवलं.

"सुकट भिजली का गं?"

"नाही. सगळी वाचली."

"मग लाव."

पोपट आता फ्रिजवर बसतो. मावशींना एक प्रत द्यायला आम्ही जाणार आहोत, ट्रायपॉड घरी ठेवून.