नहरवाले चाचा

नहरवाले चाचा भर रस्त्यात गुडघे टेकून जमिनीला कान लावत, तेव्हा नवखा माणूस त्यांना वेडा समजे. मीही समजलो होतो. निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी पाणीखात्यात नवाकोरा ओव्हरसिअर म्हणून औरंगाबादला आलो होतो. हर्सूलकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणारी, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची नहर या माणसाच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे एक कुदळ, एक टोपलं आणि वडिलांकडून पाठ केलेली तिची वाट. नकाशा कुठेच नव्हता.

गळती शोधायची चाचांची रीत ठरलेली. हर्सूलला नहरीत मूठभर भुसा सोडायचा आणि सायकल मारत शहरातल्या हौदावर येऊन बसायचं. भुसा आला नाही, तर वाटेत जमिनीला कान लावून खालचं पाणी ऐकायचं आणि नहरीवरची दगडी तोंडं एकेक उघडून पाहायची. मी घड्याळ दाखवलं की म्हणत, "साहब, पानी आपल्या चालीनं येतं. त्याला बदलीची घाई नसती." माझा बदलीचा अर्ज पहिल्याच महिन्यात गेल्याचं त्यांच्या कानावर होतं.

तेव्हा शहराच्या जुन्या दरवाज्यांच्या कमानींत शेळ्या बसत आणि सरदारांच्या हवेल्यांना कुलपं असत. आम्ही बदलीवर आलेले लोक गावाला नाकं मुरडत असू. चाचांना ते खपत नसे. "लई मोठं शहर होतं हे. आन् फिरून व्हनार. हर्सूलपत्तर घरंच घरं दिसतील. मंग पानी कुठून आनाल?" आम्ही हसायचो.

पुढे नव्या नळांची खोदाई निघाली. "दोन दिस थांबा, मी चुन्यानं वाट आखून देतो," चाचा म्हणाले. उद्घाटन तोंडावर आलं होतं. मी थांबलो नाही. दुसऱ्याच दिवशी पहारीखाली नहरीचे खापराचे जुने नळ फुटले, चर पाण्यानं भरला आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बायका कोरड्या हौदाशी घागरी घेऊन उभ्या राहिल्या. चाचा चरात उतरले आणि फुटक्या खापराचे तुकडे टोपल्यात गोळा करू लागले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"चूक माझी झाली, चाचा."

"नाय साहब. माझी. ठावं फकस्त मला होतं. एकट्यापाशी ठिवायची चीज नव्हती ती."

नवे नळ आलेच आहेत, दुरुस्ती नको, असा वरून हुकूम आला. चाचांचं काम संपलं. त्यांनी वैजापूरला लेकीकडे जायचं ठरवलं, पण त्याआधी तीन दिवस त्यांनी मला हर्सूलपासून पायी फिरवलं. कुठल्या चिंचेपाशी वळण, कुठल्या मशिदीच्या भिंतीलगत दगडी तोंड, सगळं माझ्याकडून म्हणून घेतलं. चुकलो की पुन्हा मागे नेत, आणि मी खात्यातला साहेब मुकाट्यानं मागे जात असे. निघताना बसच्या खिडकीतून ते म्हणाले, "कोनी इचारलं तर सांगा, साहब."

मी बदलीचा अर्ज मागे घेतला. चाचा वैजापूरलाच वारले. मला महिन्याने कळलं. त्यांची फार आठवण येते. शहर त्यांनी सांगितलं तसंच हर्सूलपर्यंत पसरलं, आणि आमच्या गल्लीत आता टँकरची वाट पाहतात. मी ऐंशी पार केली. ती सगळी वळणं रोज सकाळी एकदा मनात म्हणतो; एकही सुटत नाही. बाहेर खोदाईचा आवाज आला की काठी घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहतो. अजून कोणी विचारलेलं नाही.