जिन्याच्या कठड्यावर खोबरेल

पोरीचं डोकं जिन्याच्या कठड्यात अडकलं. दोन लाकडी पट्ट्यांमधून आत गेलं आणि परत येताना कानांपाशी अडलं, निघेचना. मी ओढलं तर जास्तच किंचाळली. "मम्मी, आउट, आउट," एवढंच.

हिल्सबरोतल्या त्या घरात मी साफसफाईला जाते. डेकेअरला सुट्टी, म्हणून तिला सोबत नेलेलं. घर एका ब्लॅक आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेलं, तो अमेरिका सोडून इकडे या देशात आलेला. तिथे गोरे लोक त्याच्याकडून बंगल्यांचे नकाशे काढून घ्यायचे आणि त्याच बंगल्यात त्याला पुढच्या दाराने येऊ द्यायचे नाहीत, असं त्याच्या मुलीने मला सांगितलेलं. ती आता म्हातारी झालीय. घर पाडणार होते, हिने भांडून भांडून वाचवलं. त्या दुपारी लोक घर बघायला येणार होते. हॉलभर फोटो लावलेले, तिच्या बाबांसारख्याच ब्लॅक आर्किटेक्ट लोकांनी बांधलेल्या शाळा, चर्च, लायब्ररी, सगळ्या कुणीतरी अशाच वाचवलेल्या. मी दहावी नापास, मला त्यातलं काय कळणार, पण पुसता पुसता बघत राहिले आणि तेवढ्यात हे.

बॅगेतून खोबरेल काढलं तशी ती म्हातारी म्हणाली, थांब. बाबांनी ते लाकूड मुद्दाम कोरं ठेवलंय, पॉलिशसुद्धा नाही, तेल आत मुरलं की डाग कधीच निघणार नाही. तिने फोन केलाय, पट्टी सोडवणारा सुतार शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, अल्बनीहून निघालाय, पुलावर ट्रॅफिक आहे, पण येईल.

"प्लीज. तिला श्वास घेता येतोय ना?" म्हातारी म्हणाली.

येत होता. पण कान लालभडक झालेले, आणि रडता रडता उलटी झाली, घशात अडकली तर?

थंडीने तेल गोठलेलं. किचनमध्ये गरम नळाखाली बाटली धरली, वितळता वितळेना. बाहेर ती पोरीचे पाय धरून काहीतरी गुणगुणत होती. मी गेले आणि तिच्याकडे न बघता ओतलं. कानांवर, मानेवर, पट्ट्यांवर. डोकं सटकन बाहेर.

तिने स्कार्फ काढून आधी पोरीचे कान पुसले. मग लाकूड पुसायला लागली, पुसतच राहिली. मी पोरीचे कपडे बदलतेय तोवर सुतार दारात हजर.

डाग आहे अजून. तिने मला कामावरून काढलं नाही. मीच तो जिना झाडताना मान वर करत नाही. तुम्ही असतात तर थांबला असतात का हो?