सक्करदऱ्याहून लंडन

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती विमान कंपनीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. छोट्या खासगी विमानांना तेव्हा नुकतीच कुठं परवानगी मिळू लागली होती. आमच्या गल्लीत घरोघर माग चालायचे, माझे वडीलही मागावरच बसायचे. त्या गल्लीतली पोरगी विमानात कामाला लागली म्हटल्यावर चार दिवस बायका मला बघायला दारात यायच्या. वडिलांनी एवढंच विचारलं, "काम खाली बसून हाय का वर जाऊन?" मी म्हटलं, "खालीच." तेव्हा कुठं त्यांनी होकार दिला.

कंपनीकडे विमान एकच होतं. ते रायपूरला जायचं, जबलपूरला जायचं आणि पंखा दुरुस्त करायचा असला की कुठंच जायचं नाही. विमान इतकं लहान की सामानाबरोबर माणसाचंही वजन करावं लागे. काटा मालकांच्या तेंदूपत्त्याच्या गोदामातून आणलेला होता. एकेका शेटजींना त्याच्यावर उभं करायचं आणि चेहरा हलू न देता आकडा लिहायचा, हे माझं काम. आत गेल्यावर प्रवाशाला एक लिमलेटची गोळी आणि कानात घालायला कापूस मिळे. गोळी चघळून संपेपर्यंत रायपूर येई.

मालक मूळचे तेंदूपत्त्याचे व्यापारी. अंगात पांढरा सफारी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. एका सकाळी त्यांनी आम्हां सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर त्यांच्या नातवाचा पृथ्वीचा गोल होता. मालकांनी नागपूरवर बोट ठेवलं, गोल फिरवला आणि ते बोट लंडनवर नेऊन टेकवलं.

"आता आपण इथं जाणार," ते म्हणाले.

आमचे कॅप्टनसाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कशानं?"

"विमानानं."

"आपल्या विमानानं लंडनला जायचं तर पेट्रोल भरायला आठ-दहा देशांत उतरावं लागेल."

"त्यानं नाही हो! मोठं विमान घेऊ भाड्यानं. मंडप भाड्यानं भेटते, भांडे भाड्यानं भेटतेत, घोडा भाड्यानं भेटते. मंग विमान काहून नाही भेटणार?"

मालक पुढं म्हणाले, "आणि नागपूर देशाच्या एकदम बीचोबीच आहे. इथून सारी दुनिया जवळ."

"मधोमध असलं की सगळंच सारखं लांब असतं," कॅप्टनसाहेब म्हणाले. पण तोवर मालक पेढे वाटायला लागले होते.

मोठी विमानं भाड्यानं देणारी एक परदेशी कंपनी होती. तिचा दिल्लीतला माणूस आमची तयारी बघायला येणार असं ठरलं. म्हणून मालकांनी मुंबईहून एक बाई आणल्या. त्यांची उभी हयात मोठ्या विमानांत गेली होती. पन्नाशीच्या, सडसडीत, अंबाडा असा की वादळातही हलू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मुलांनो, लांबच्या प्रवासात विमान उडवणं सोपं असतं. माणसांना बसवून ठेवणं अवघड." कॅप्टनसाहेबांना हे लागलं. ते दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

शिकणारे आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरा एक उंच मुलगा. तो आधी बसमध्ये कंडक्टर होता, म्हणून आम्ही त्याला कंडक्टरच म्हणायचो. बाई त्याला सांगायच्या, "हसून म्हणायचं, आपलं स्वागत आहे." तो हसायचा आणि म्हणायचा, "चला, पुढं सरका." शिट्टी मात्र त्याच्याकडून पहिल्याच दिवशी काढून घेतली होती.

शेवटी बाईंनी ठरवलं की एक पूर्ण प्रवास करून बघायचा. सकाळी नागपूर सोडायचं, संध्याकाळी लंडन. सगळं खोटं खोटं, पण वेळ खरी. पौष चालू होता, लग्नं बंद होती, त्यामुळे सक्करदऱ्याचं एक मंगल कार्यालय रिकामंच पडलं होतं. तिथं लोखंडी घडीच्या खुर्च्यांच्या रांगा मांडल्या. खुर्च्या सरकू नयेत म्हणून कंडक्टरनं अख्खी रांग सुतळीनं बांधून टाकली आणि रांगाही एकमेकींना बांधल्या. कामाला पक्का होता तो. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला खिडक्या काढायला सांगितल्या. विमान जाताना एका बाजूनं दिवस दिसतो आणि दुसऱ्या बाजूनं रात्र, असं बाई कधीतरी बोलून गेल्या होत्या. त्यानं डाव्या भिंतीवरच्या प्रत्येक खिडकीत चंद्र काढला आणि उजव्या भिंतीवरच्या प्रत्येक खिडकीत सूर्य.

प्रवासी गोळा करायचं काम माझ्यावर आलं. मालकांनी बजावलं होतं, "लंडनले जाणारे वाटले पाहिजेत." मी गल्लीत सांगितलं की दिवसभर बसायचं आहे आणि जेवण फुकट आहे. सकाळी अर्धी गल्ली हजर! बाया ठेवणीतली लुगडी नेसून, पुरुष टोप्या घालून. माझी आत्या तर गळ्यात बोरमाळ घालून आली. आम्ही ज्यांच्याकडून तूर घ्यायचो ते हुडकेश्वरचे शेतकरी आजोबाही आले, खांद्यावर उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन.

मी म्हटलं, "आजोबा, हे कशाला?"

"लांबचा रस्ता हाय नं वं," ते म्हणाले.

बसायच्या आधीच भांडण लागलं. थंडीचे दिवस, सगळ्यांना सूर्याकडच्या जागा हव्या होत्या. चंद्राच्या बाजूला कोणी बसेना. "तिकडं गारठा हाय," असं खरोखरच एका बाईनं मला सांगितलं, आणि मीही तिला शाल आणून दिली.

कॅप्टनसाहेबांना स्टेजवर बसवलं होतं, नवरदेवाच्या मखमली खुर्चीत, प्रवाशांकडे पाठ करून. सुरुवातीला ते पेपर वाचत होते. पण हातात माइक आला आणि त्यांच्यातला वैमानिक जागा झाला. ते एकदम भारदस्त आवाजात म्हणाले, "नमस्कार. आपण आता जमीन सोडतो आहोत." आत्यानं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी आणि कंडक्टर गोळ्या आणि कापूस घेऊन फिरलो. काहींनी कापूस कानात घातला, काहींनी वातीसाठी कनवटीला लावला.

तासाभरानं शेंगांचं पोतं सुटलं आणि रांगेरांगेतून फिरलं. बाईंनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग कॅप्टनसाहेबांनी सांगितलं, "थोड्याच वेळात आपण मुंबईवरून जाऊ."

आजोबा लगेच उठून उभे राहिले. "मले इथंच उतरवून द्या."

बाई पुढं आल्या. "अहो, हे विमान मुंबईला थांबत नाही."

"दोन मिन्टं थांबवा नं. माहा जावाई हाय तिथं. पोरीले भेटलो नाही वर्साचा."

"आपण आकाशात आहोत आजोबा," बाई समजुतीनं म्हणाल्या.

आजोबांनी खाली फरशीकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा इतका गंभीर होता की ते मुकाट्यानं खाली बसले. शेजारच्याला म्हणाले, "परतताना पाहू."

त्यानंतर समुद्र आला. "आता खाली अरबी समुद्र आहे," असं कॅप्टनसाहेब म्हणाले मात्र, आत्यानं दोन्ही हात जोडले, कमरेची पिशवी सोडली आणि एक नाणं रांगांच्या मधल्या वाटेत टाकलं. पुलावरून गाडी जाताना नदीत टाकतात तसं. तिचं बघून बाकीच्या बायांनीही टाकली. एक नाणं घरंगळत बाईंच्या बुटाला लागलं. बाईंनी ते उचललं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा खाली टाकलं. समुद्रातलं परत घेत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

नेमकं तेव्हाच दार वाजलं. कंडक्टरनं सवयीनं दार उघडलं आणि माणूस आत घेतला. ते आत्याचे यजमान, आमचे मामाजी होते. मागावरचं लुगडं पुरं करून येतो म्हणून मागं राहिले होते.

"दार का उघडलंत?" बाई ओरडल्या. "आपण समुद्राच्या वर आहोत!"

"एकच सीट होती बाई. सिंगल माणूस," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही आलात कसे?" बाईंनी मामाजींना विचारलं. बाईही आता पुरत्या त्या विमानात होत्या.

"सायकलनं," मामाजी म्हणाले आणि चंद्राच्या बाजूला जाऊन बसले.

दुपारी जेवण आलं. बाईंनी सांगितलेलं होतं ते असं: पावाचे दोन तुकडे, लोणी, उकडलेलं गाजर आणि उकडलेले वाटाणे. प्रवाशांनी ताटलीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. मागच्या रांगेतून आवाज आला, "कोणाले बरं नाही काय?" आत्यानं एक वाटाणा चाखला आणि ती उठली.

"आत्या, बस ना खाली. पट्टा लाव," मी म्हटलं. पट्टा म्हणजे लुगड्याचा काठ होता.

"तू राहू दे वं पोरी. लोकं उपाशी बसून राहिले अन् तू पट्टा सांगून राहिली?"

कार्यालयाचा मुदपाक मागंच होता. आत्यानं आणखी दोघींना हाक मारली. बेसन आलं, तेल आलं, मसाला कोणाच्या तरी घरून आला. तासाभरानं पाटोडीच्या रश्श्याचा असा वास सुटला की कॅप्टनसाहेबांनी माइकवर विचारलं, "किती वेळ आहे?" बाईंनी विरोध केला नाही. त्या मुदपाकाच्या दारात उभ्या राहून वाटण कसं भाजतात ते बघत होत्या. तुर्कस्तानवरून जाताना आम्ही रस्सा वाढला.

पण बाईंनी आखलेल्या प्रवासाच्या कागदावर एक गोष्ट बाकी होती: खराब हवा. तुर्कस्तान ओलांडलं की कॅप्टनसाहेबांनी सूचना द्यायची आणि कंडक्टरनं मागची रांग हलवायची, असं आधीच ठरलं होतं. जेवण लांबलं हे, प्रवाशांकडे पाठ असल्यामुळे, कॅप्टनसाहेबांना दिसलंच नाही. त्यांनी आपल्या वेळेवर सांगितलं, "पुढं हवा खराब आहे." कंडक्टरनं मागची रांग धरून जोरात हलवली. त्या रांगेनं पुढच्या रांगेला ओढलं, तिनं पुढच्या. सुतळी पक्की होती. बघता बघता अख्खं विमान सूर्याच्या बाजूला कलंडलं आणि माणसं, खुर्च्या, शेंगांची टरफलं, रस्सा सगळं एका ढिगात गेलं.

त्याच वेळी समोरच्या दारातून मालक आत आले. सोबत दिल्लीचे पाहुणे, टाय लावलेले.

मग ढिगाऱ्यातून आजोबांचा आवाज आला, "उतरलो काय?"

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आत्या पहिली उठली, तिनं पातेल्यात डोकावून बघितलं आणि अर्धं शिल्लक आहे म्हणून देवाचे आभार मानले. मग पाहुण्यांना म्हणाली, "या जी, बसा. गरम हाय." पाहुणे घाबरून बसले. त्यांच्यापुढं वाटी ठेवली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला नाकात. तिसऱ्याला त्यांनी टाय सोडला. मालकांनी मोठ्या आशेनं विचारलं, "कैसा लगा साब? तयारी कैसी है?" पाहुण्यांना बोलताच येईना. ते नुसतेच दोन्ही हात हलवत पाणी मागत होते. मालक माझ्या कानाशी म्हणाले, "खूश आहेत."

संध्याकाळी, बाईंच्या हट्टापायी, खुर्च्या पुन्हा मांडून प्रवास पुरा केला. कॅप्टनसाहेब म्हणाले, "लंडन. आपण सुखरूप पोचलो आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात उभी राहून प्रत्येकाला नमस्कार केला. दिवसभरात एकही माणूस मधूनच घरी गेला नव्हता. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसवून ठेवलंस," एवढंच म्हणाल्या.

विमान अर्थातच मिळालं नाही. पुढं कळलं की परदेशी उड्डाणाच्या परवानगीसाठी मालकांनी अर्जच केला नव्हता. आधी तयारी दाखवायची, मग मागणी घालायची, असा त्यांचा हिशेब. बाई मुंबईला गेल्या, जाताना दोन डबे मसाला घेऊन. कंपनी आणखी दोनेक वर्षं रायपूर-जबलपूर करत राहिली आणि मग बंद पडली. मालक पुन्हा तेंदूपत्त्याकडे वळले. कंडक्टर बसवर परत गेला आणि मला टेलिफोन खात्यात नोकरी लागली.

त्याच सुमाराला मला बघायला उमरेडचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी आधी काय करत होती?" आई म्हणाली, "विमानात होती. लंडनपर्यंतची." मी मान खाली घातली. काहीतरी विचारायला हवं म्हणून मुलाच्या आईनं विचारलं, "तिकडं पाणी कसं असते?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "जड असते. डाळ शिजत नाही."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, आणि बोलणी पुढं सरकली.