दिवसाढवळ्या लावलेली कडी

आमच्या पोशीर गावात दिवसा दाराला कडी लावायची पद्धत नाही. माणसं शेतावर गेली तर दार नुसतं ओढून घेतात, आणि घरात कुणी असेल तर ते उघडंच असतं. शेजारच्या बाईला मीठ हवं असेल तर ती हाक मारत थेट चुलीपाशी येते. आतून कडी लागली, की त्या घरात काहीतरी बिनसलं आहे असं समजतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या रविवारी सकाळी मी कडी लावली, कारण परीक्षेचा नियमच तसा होता.

परीक्षा एका कंपनीची होती, नोकरीसाठीची. मी कर्जतच्या बाजूला एका कॉलेजात कंप्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काय चालतं हे घरी सांगताना माझे शब्द नेहमी कमी पडायचे. ही परीक्षा मी अशी सांगितली होती: घरीच लॅपटॉपवर द्यायची, खोलीत एकटंच बसायचं, कॅमेरा आणि माईक चालू ठेवायचा. नजर पडद्यावरून हलली की ताकीद येते. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तरी ताकीद. आपण कुणाशी बोललो, तर परीक्षा तिथेच बंद.

आईने विचारलं, "खोकला आला तर?"

मी म्हटलं, खोकला चालत असेल. मलाही नक्की माहीत नव्हतं.

या परीक्षेवर माझं बरंच काही अवलंबून होतं. पलीकडच्या घरात माझी काकू राहते. तिने तिच्या भावाच्या मुलाचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं. मुलगा खालापूर तालुक्यातला, तिथल्याच एका कारखान्यात कायम झालेला. पाहायला आले तेव्हा त्याने मला लॅपटॉप कुठला वापरते एवढंच विचारलं आणि मग चहाच्या कपाकडे बघत बसला. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. मला आधी नोकरी करायची होती, पण 'नको' म्हणायला माझ्याजवळ दाखवण्यासारखं कारण नव्हतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी स्पष्टच सांगितलं, "ही परीक्षा तू काढलीस तर मी त्यांना थांबा म्हणीन. नाय तर मी काय सांगू त्यांना?" ते रागावले नव्हते. तरी मी मागच्या पडवीत जाऊन रडले, आणि भांडी घासणाऱ्या काकूने ते पाहिलं.

काकूला परीक्षेचं ठाऊक नव्हतं. हातात नोकरीचा कागद येईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, नजर लागते, असं आईने बजावलं होतं. रविवारी सकाळी आई कळंबला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला गेली. बाबा वालाच्या शेंगा काढायला गेले आणि जाताना म्हणाले, तुझा फोन येईपर्यंत मी घराकडे फिरकत नाही. मी पुढच्या आणि मागच्या दाराची कडी लावली आणि खिडकीजवळ बसले, कारण नेटवर्क तिथेच येतं.

पहिला प्रश्न सुटला. दुसरा वाचल्यावर मला बरं वाटलं, कारण असं काहीतरी आम्ही कॉलेजात केलं होतं. बाइट्सची, म्हणजे कंप्युटरच्या साठवणीतल्या छोट्या कप्प्यांची, एक रांग दिली होती. प्रत्येक बाइटमध्ये हेक्साडेसिमल पद्धतीतलं एक अक्षर. त्या अक्षरांची मिळून जी संख्या होते ती काढायची. या पद्धतीत नऊनंतर लगेच दहा लिहीत नाहीत. दहासाठी ए, अकरासाठी बी, असं करत पंधरासाठी एफ येतो, आणि सोळा झाले की मग डावीकडच्या घरात एक. आपण दहा दहाचे गठ्ठे बांधतो तसे इथे सोळा सोळाचे.

गोम अशी की बाइटमध्ये संख्या नसते, अक्षराचा क्रमांक असतो. शून्य हे अक्षर कंप्युटर अठ्ठेचाळीस म्हणून ठेवतो आणि ए हे अक्षर पासष्ट म्हणून. म्हणून अंक असेल तर त्यातून अठ्ठेचाळीस वजा करायचे, ए ते एफ असेल तर पंचावन्न. मग आतापर्यंतच्या बेरजेला सोळाने गुणायचं आणि नवी किंमत मिळवायची. मी लिहिलं आणि चालवून पाहिलं. त्यांच्या तपासण्यांपैकी काहींवर हिरवी खूण आली, काहींवर लाल. तपासणीत काय आहे ते दाखवत नाहीत, फक्त खूण दाखवतात. लहान लिपीतला ए वेगळ्या क्रमांकाचा असतो हे मी विसरले होते. ते घातल्यावर शेवटच्या काही खुणाच लाल राहिल्या.

तेवढ्यात काकूची हाक आली.

"अगं ए, बिरडं आणलंय. घे गं."

मी पडद्याकडे बघत राहिले. तिने दार ढकललं. ते हललं नाही.

"कडी कशाला लावलीस गं? उघड की."

पडद्यावर ताकीद उमटली, दुसऱ्या व्यक्तीचा आवाज येतो आहे म्हणून. मी श्वाससुद्धा हळू घेऊ लागले. वाटलं, ती वाटी ओट्यावर ठेवून जाईल. मग खिडकीच्या बंद फळीवर थाप पडली. फळी माझ्या कानाशेजारीच होती, आणि मला तिकडे मान वळवायची नव्हती.

"बोल की गं. काकूवर रागावलीस का? स्थळ आणलं म्हणून?"

मी हात कीबोर्डवर ठेवले होते, पण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. ओरडून सांगावं असं सारखं वाटत होतं, आणि ओरडायचीच बंदी होती. बाहेर आणखी कुणी आलं. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी असावी. ती म्हणाली, शिकल्या की पोरी अशाच होतात, हाकेला ओ देत नाहीत. काकू तिच्यावर खेकसली, की ही पोरगी तसली नाही. मग आवाज खाली आणून, पण मला ऐकू जाईल इतकाच खाली, ती म्हणाली, "काल रडत होती ओ ती. मी बघितलं."

त्यानंतर कुणी टोमणा मारला नाही.

काकू कशाला घाबरली आहे ते मला तेव्हा कळलं. एक शब्द बोलले असते तर तिची भीती गेली असती. त्या एका शब्दाने परीक्षा संपली असती, आणि परीक्षा संपली तर संध्याकाळी बाबांजवळ द्यायला काही उरणार नव्हतं. मी खुर्ची मुद्दाम जरा सरकवली, म्हणजे आत कुणी हलतंय हे त्यांना कळावं. झालं उलटंच. "काय तरी पडलं," असं काकू ओरडली आणि तिने तिच्या मुलाला हाक मारली. हा माझा चुलतभाऊ टेंपो चालवतो. तो रविवारी घरीच असतो.

मी डोकं पुन्हा प्रश्नात घालायचा प्रयत्न केला. लाल खुणा शेवटीच का आहेत? शेवटच्या तपासण्या बहुधा सगळ्यात मोठ्या असतात. मी स्वतःच एक रांग घालून पाहिली, सगळीकडे एफ, आठ वेळा. उत्तर चारशे कोटींच्या वर जायला हवं. पडद्यावर आलं, उणे एक.

मी त्या उणे एककडे बघत बसले. बाहेर शिडी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. मला एवढंच कळत होतं की आता वेळ नाही. मग दिसलं. उत्तर मोठ्या जागेत द्या असं प्रश्नातच लिहिलं होतं. मी उत्तर मोठ्या जागेतच देत होते, पण आतली बेरीज ठेवायला छोटी जागा घेतली होती, इंट नावाची. एवढी मोठी संख्या तिच्यात मावत नाही. ती भरून उलटते आणि उणे होते. इंट खोडून लाँग लिहायचं, एवढाच बदल होता.

डोक्यावर कौल सरकलं. चुलतभाऊ छपरावर चढला होता. धूळ आणि कोळ्याची जाळी कीबोर्डवर पडली, आणि उन्हाचा एक पट्टा माझ्या तोंडावर आला. कॅमेऱ्यात चेहरा नीट दिसत नाही अशी आणखी एक ताकीद आली. मी डोळे मिचकावत तो शब्द बदलला. चालवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

वरून भाऊ म्हणाला, "मान खाली हाय तिची. हलत नाय."

मी हलत नव्हते ते कॅमेऱ्यासाठी. त्याला ते कसं कळणार? आणि ओट्यावर काकू रडायला लागली. घरातलं माणूस गेल्यावर बायका रडतात तसं, मोठ्याने, माझं नाव घेऊन.

मी म्हटलं, "काकू, मी हाय. मी बरी हाय. परीक्षा हाय माझी."

पडदा पांढरा झाला. नियमभंगामुळे परीक्षा बंद करण्यात आली आहे, असं इंग्रजीत आलं. मी कडी काढली.

काकूने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग मला धरलं. बिरड्याची वाटी खाली सांडली होती. परीक्षा म्हणजे काय, बोलायचं का नाही, बंद कशी झाली, हे मी तिला ओट्यावर बसून सांगितलं. बाबांनी काय अट घातली होती तेही सांगून टाकलं. एरवी ते मी तिला कधीच सांगितलं नसतं. चुलतभाऊ छपरावर कौलं परत बसवत होता आणि तिथून म्हणत होता, "मला काय म्हाईत? मला बोलली चढ, मी चढलो." काकूने त्याला गप्प केलं.

बाबा दुपारी माझा फोन न येताच आले. गावात त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. ते हातपाय धुऊन जेवायला बसले. तेव्हा काकू आली. मागच्या दाराने न येता ती पुढच्या दाराने आली, पदर नीट घेऊन, जशी पाहुणी येते. बाबांना म्हणाली, "भाऊजी, परीक्षा हिनं नाय घालवली. मी घालवली. आता मीच थांबा म्हणते त्यास्नी."

तिने तिथेच भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, फोन लावला. मला वाटलं, सुटले. पण ती बोलायला लागली तशी मी स्वयंपाकघराच्या दारात अंग चोरून उभी राहिले. ती सांगत होती की पोरगी फार हुशार आहे, आजची परीक्षा हातातच होती, आपल्यामुळे गेली, पुढची ती काढणारच. पुढची परीक्षा कधी, कुठली, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी पास होणारच असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. तिने माझ्या वतीने शब्द दिला होता, आणि आता तो आमच्याच काय, खालापूरच्या घरातही सगळ्यांना माहीत होणार होता. बाबा माझ्याकडे बघत होते. ती थांबली तर लग्न उभं होतं, आणि ती बोलत राहिली तर हा दिलेला शब्द.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूने फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मामा विचारतोय, तुझं सोताचं काय म्हणणं हाय. बोल. आता कोण ताकीद देत नाय."

मी फोन घेतला. हात ओला होता, तो आधी ओढणीला पुसला. माझ्या मनात होतं, की मी पास होईन असं कबूल करायचं नाही आणि नाही म्हणूनही सांगायचं नाही. पण तसं वाक्य मला जुळवता येईना.

"मामा," मी म्हटलं, "आजचा प्रश्न मला सुटला होता. पुढचा सुटंल का ते मला नाय सांगता येत. पण मला परीक्षा द्यायची हाय. थांबायचं नसंल तर तुमी दुसरीकडं बघा."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. काकूने कपाळावर हात मारला. बाबांनी ताटातला भात कालवायचा थांबवला होता, आणि ते फोनकडे नाही, माझ्याकडेच बघत होते.