वरचं पान

आमच्या शाळेच्या विज्ञान खोलीत एक मोठा फोटो टांगलेला आहे. लांब शेपटीचा कमळपक्षी अंड्यांवर बसायच्या बेतात आहे, एक पाय उचललेला, चोच किंचित उघडी. खाली चार अंडी, घासलेल्या पितळेसारखी. मागे नुसतं हिरवं पाणी, मध्ये एक काडीसुद्धा आडवी नाही. कोणी पाहुणे आले की मुख्याध्यापिका त्यांना हमखास त्या फोटोपुढे नेतात आणि म्हणतात, "आमच्या सरांनी काढलाय." मी तेवढ्यात कपाटात काहीतरी शोधायला लागतो. लोकांना वाटतं, सर लाजतात.

फोटो सावली गावाच्या पलीकडच्या एका गावतलावावरचा आहे. चाळिशीत मला कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि रविवार म्हटला की मी घरात दिसेनासा झालो. बायको म्हणायची, पाखरांकडे जेवढं निरखून बघता, तेवढं एकदा पोरीच्या प्रगतिपुस्तकाकडे बघा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि गाडीला किक मारायचो.

त्या तलावात मासे धरणारे एक भाऊ होते. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. पहिल्या रविवारी त्यांनी मला डोंग्यात, म्हणजे त्यांच्या लहानशा लाकडी होडीत, बसवलं ते केवळ मी काठावरच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो होतो म्हणून. दुसऱ्या रविवारी मी आपणहून बसलो. पुढे दोन वर्षं आमचं तसंच चाललं. ते बांबूनं डोंगा रेटायचे, मी पुढं बसून फोटो काढायचो. ते मला मास्तर म्हणायचे आणि पाखरू बिचकायच्या आत डोंगा थांबवायचे. किती अंतरावर थांबायचं हे त्यांना कसं कळायचं, ते मला कधीच कळलं नाही. माझी मात्र आतल्या आत चरफड व्हायची, कारण मला अजून दोन हात पुढं जायचं असायचं.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तलावाच्या कोपऱ्यातल्या कमळांत कमळपक्ष्याचं घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, तरंगत्या पानांवर चार ओल्या काड्या आणि त्यावर अंडी. या पक्ष्यात अंडी नर उबवतो. पण एक मोठं पान देठावर वीतभर उभं राहून नेमकं घरट्यावर झुकलं होतं. बाजूला आणखी दोन. कुठूनही बघा, पक्षी अर्धाच दिसायचा.

दोन रविवार मी अर्धा पक्षी घेऊन घरी आलो. तिसऱ्या वेळी म्हणालो, "भाऊ, ते पान जरा बाजूला करता येईल?"

"काऊन?" ते म्हणाले. "उनाले आडवं हाय ते. पिल्लं निघू द्या, मंग दिसनच सारं."

पुढच्या रविवारी भाऊ आणि त्यांची बायको धानाच्या रोवणीच्या कामाला चालले होते. पावसानं उघडीप दिली होती, सकाळीच चटका बसत होता. मी तोंड पाडून उभा राहिलो असेन. त्यांनी बांबू माझ्या हातात दिला. "जा तुमी. फक्त दुरूनच, मास्तर."

मी हो हो म्हटलं.

डोंगा सरळ घरट्याला नेऊन भिडवला. पक्षी ओरडत उडाला. मी ते पान देठातून मोडलं. मग बाजूची दोन, कारण आता तीही खुपायला लागली होती. देठाचे चिकट धागे बोटांना लागले, ते पँटला पुसले. डोंगा मागे घेतला आणि थांबलो. थोड्या वेळानं तो परत आला, इकडेतिकडे बघितलं, एक पाय उचलला. मी बटण दाबून ठेवलं.

खरं लिहायचं तर तेव्हा मला कसलीही लाज वाटली नाही. डोंग्यातच बसून मी तोच फोटो कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा बघत होतो. पक्ष्यानं चोच उघडी ठेवली होती. उन्हानं पक्षी धापा टाकतो, हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो. त्या दिवशी मला ती पोज वाटली.

पुढच्या रविवारी भाऊंसोबत गेलो तर घरटं रिकामं. पाण्यात कवचाचा एक तुकडा तरंगत होता आणि तलावाच्या बांधावरच्या पळसावर दोन कावळे बसले होते. भाऊंनी बांबू रोवून डोंगा थांबवला.

"वरचं पान कुठी गेलं?"

मी लेन्सचं झाकण लावायला लागलो. तेवढ्यात त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं.

"रोवण्याच्या घाईत जाळं पार इथपर्यंत आणलं होतं मी परवा. ओढताना तुटलं असन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माह्याच जाळ्यानं झालं, नाई का मास्तर?"

तेव्हा खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते चिडले असते, मला डोंग्यात घेतलं नसतं. एवढंच. मी म्हणालो, "असेल."

त्या फोटोला वन्यजीव सप्ताहात पहिलं बक्षीस मिळालं. एक प्रत फ्रेम करून मी भाऊंना नेऊन दिली. कशासाठी दिली, देव जाणे. त्यांच्या बायकोनं ती देवांच्या शेजारी टांगली. आणि भाऊंनी त्या कोपऱ्यात जाळं टाकणं बंद केलं. मरळ तिथेच मिळायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसरं कोणी तिकडे वळलं तर ते काठावरून ओरडायचे. घरी आलेल्या माणसाला फोटो दाखवून सांगायचे, "ह्या पाखराची अंडी माह्या हातानं गेली." मी समोर चहा पीत बसलेला असायचो.

असे पाच पावसाळे गेले. कोपरा कमळांनी भरून गेला. एका वर्षी तिथे तीन घरटी झाली. नागपूरहून मोठ्या लेन्सवाले यायला लागले. मला दर वर्षी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग, चांगलंच तर झालं ना! स्वतःची समजूत काढण्यात मी चांगलाच तरबेज झालो होतो.

गेल्या वर्षी शाळेनं कमळपक्ष्यांचा कोपरा राखला म्हणून भाऊंचा सत्कार करायचं ठरवलं. बोलवायला अर्थातच मला पाठवलं. ते ओट्यावर जाळं सांधत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई जमत मास्तर. चूक केलेल्या मानसाले शाल कायची?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. रोवणीचा रविवार, तीन पानं, पँटला पुसलेले धागे, आणि ते "असेल". सांगताना मी त्यांच्याकडे नाही, जाळ्याकडे बघत होतो. त्यांची बोटं थांबली होती.

"इचारलं होतं ना मी तुमाले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मंग पाच वर्सं मी कायचा नेम पाळून राह्यलो?"

मी माफ करा म्हणालो. ते शब्द इतके हलके वाटले की मलाच माझा राग आला.

ते उठून आत गेले. वाटलं, आता बाहेर यायचे नाहीत, आणि तेच बरं. पण आले. हातात फोटो होता, खिळ्यासकट उपटलेला. मागून त्यांची बायको काही न कळून बघत होती. फोटो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. मग उघड्या हिरव्या पाण्यावर, पक्ष्याच्या डोक्याच्या वर, जिथे आता काहीच नाही, तिथे बोट टेकवलं.

"हे पान लावून आना," ते म्हणाले. "मंग टांगतो."