मंगळवारचा घरधनी

टीव्हीवरच्या मालिकांकडे मार्क्सवादी दृष्टीने पाहणारा मी लखनौतला एकमेव मराठी प्राध्यापक आहे, आणि त्याबद्दल लखनौची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती घरच्यांची. आई रोज संध्याकाळी साडेसहाला तिची हवेलीवाली हिंदी मालिका लावते आणि मी सोफ्यावरून ओरडतो, "जेवायला बारा माणसं! भांडी कोण घासतं? श्रम लपवलाय, आई, श्रम!"

"भांडी राहू देत. ती सून आता जिन्यावरून पडणार आहे, गप्प बस," आई म्हणते.

तर, निशातगंजमधल्या आमच्या मराठी मंडळाने मला याच विषयावर व्याख्यानाला बोलावलं. मुख्य म्हणजे वैशाली येणार होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्या एकाही व्याख्यानात बायको जागी राहिलेली नाही (दोनदा आली होती). या वेळी तिच्यावर छाप पाडायचीच, असा मी चंग बांधला! त्यासाठी भक्कम पुरावा हवा होता. मी आईच्या हातात वही दिली. "आठवडाभर मालिकेत कोण काय काम करतं, तेवढं लिहून ठेव."

आई साताऱ्याला तीस वर्षं मास्तरीण होती. तिने वहीत लगेच आठवड्याच्या वारांची पानं आखली. पात्रांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नुसतं घरधनी, सून, नात. वही आधी वाचून बघावी असं मला काही सुचलं नाही (मी सिद्धांताचा माणूस!).

व्याख्यानाला चाळीसेक मंडळी आली. बख्शी का तालाबहून एअरफोर्सची दोन कुटुंबंही होती. तिसऱ्या रांगेत आई, मुलगी रेवा आणि वैशाली. वैशालीचे डोळे चक्क उघडे होते! मी वही उघडली.

"मंगळवार! घरधनी सोफ्यावर. सुनेने चहा दिला. घरधन्याने साखर मागितली. साखर त्याच्या कोपराशी होती."

हशा पिकला. वैशाली पुढे सरकून बसली. मला स्फुरण चढलं.

"सुनेने मलिहाबादचे दसरी आंबे कापले. घरधन्याने आमराईतल्या मजुरांच्या हालांवर भाषण केलं. भाषण करता करता सगळ्या फोडी संपवल्या."

सभागृह गदगदत होतं. मी टेबलावर मूठ आपटली. "मित्रहो, इतका ऐतखाऊ माणूस प्रत्यक्षात असू शकतो का?"

"असतो!" तिसऱ्या रांगेतून वैशाली म्हणाली.

बायकोचा पाठिंबा! मी आणखी आवाज चढवला. "घरधन्याने चष्मा शोधायला सून आणि नात दोघींना कामाला लावलं. चष्मा त्याच्या कपाळावर..."

इथे मात्र माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"बाबा, बस कीजिए!" रेवा उभी राहिली. "ये सीरियल नहीं है, ये अपना घर है!"

"आई?" मी माइकवरूनच विचारलं.

"अरे, मंगळवारी लाईट नव्हती ना! टीव्ही बंद. मग पान कोरं सोडू का? जे समोर दिसलं ते लिहिलं."

पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. एअरफोर्सवाल्या एका काकू तर पदर तोंडाला लावून बाहेरच गेल्या. मला आईचा राग यायला हवा होता. पण वैशाली डोळे पुसत, पोट धरून हसत होती. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

"कसं झालं?" खाली उतरल्यावर मी हळूच विचारलं.

"अहो, एक डुलकी लागली असेल तर शपथ!"

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "प्रोफेसरसाहेब, कमाल! पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवूया."

"जरूर," मी कॉलर सारखी केली. "विषय कोणता घेऊ?"

"तुम्ही नाही हो, आई बोलतील. तुम्ही फक्त शेजारी खुर्ची टाकून बसा. लोकांना समोर दाखवायला काहीतरी लागतं ना!"